पेन्शन नवऱ्याची, निर्णय दोघांचा

मुठा खोऱ्यातून पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला गेलेली आपली माणसे आता साठीकडे झुकत आहेत. काम सुटले की प्रश्न येतो: पेन्शन लगेच घ्यायची की थांबायचे? बऱ्याच घरांत हे नवरा एकटाच ठरवतो. परिणाम मात्र त्याच्यामागे बायकोलाही भोगावा लागतो.

1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत 10 वर्षे सेवा भरली की 58 व्या वर्षी पेन्शन सुरू होते. काम सुटले असेल तर 50 नंतरही घेता येते, पण 58 ला जितकी वर्षे कमी, तितके 4-4 टक्के कायमचे कापले जातात. 58 नंतर थांबल्यास 60 पर्यंत दरवर्षी 4 टक्के वाढ मिळते.

हिशोब मांडू. पगार 15,000 आणि सेवा 14 वर्षे असेल, तर गुणाकाराला 70 ने भागून 3,000 रुपये येतात. 56 व्या वर्षी घेतले तर सुमारे 2,760, साठीला सुमारे 3,240. नवऱ्यानंतर पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मे, किमान 1,000. म्हणजे त्याची कपात तिच्याही वाट्याला येते.

पण 58 नंतर दोन वर्षे थांबायचे म्हणजे 72,000 रुपये सोडायचे. महिना 240 जादा मिळून ते भरून निघायला 25 वर्षे लागतात. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही. म्हणून 58 झाले आणि हाताला काम नाही, तर थांबू नये. त्याआधी काम मिळत असेल तर घाई करू नये. सावकाराच्या दारात जायची वेळ आली, तर मात्र लवकर घेतलेली पेन्शन परवडते.

खरे नुकसान याआधीच होते. ठेकेदार बदलला की कामगार पेन्शनचे पैसे काढून घेतो आणि सेवा पुन्हा शून्यावर येते. 10 वर्षे भरतच नाहीत. पैसे काढण्याऐवजी जुनी सेवा एकाच यूएएनमध्ये जोडून घ्यावी.

बंगल्यांवर धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींना तर पीएफच नाही. चाळिशीच्या आतल्या आणि आयकर न भरणाऱ्यांसाठी अटल पेन्शन योजना आहे. साठीनंतर 1,000 ते 5,000 रुपये, आणि एकामागे जोडीदाराला तेवढेच, निम्मे नव्हे.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. कामगाराचे म्हातारपण ही दयेची नव्हे, हक्काची बाब आहे. 2014 मध्ये ठरलेली 1,000 रुपयांची किमान पेन्शन वाढावी म्हणून लढूच. तोवर तरुणांनी रविवारच्या वंदनेनंतर विहारात तासभर बसावे, प्रत्येक जोडप्याचे पासबुक उघडावे, पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते पाहावे, ई-नामांकन भरून द्यावे. आणि हे करताना तिलाही शेजारी बसवावे.