पितृदिनाचे विस्मृत मूळ

जूनचा तिसरा रविवार जवळ आला की आपल्याही शहरांतील दुकानांच्या काचांवर ‘पितृदिना’च्या पाट्या झळकू लागतात. अमेरिकेतून आलेले हे व्यापाऱ्यांचे खूळ आहे, असे म्हणून त्याची बोळवण करणारे पुष्कळ आहेत. या आक्षेपात तथ्य आहे; पण ते अर्धेच. या दिवसाचा पहिला हुंकार उमटला तो दुकानात नव्हे, कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी.

६ डिसेंबर १९०७ रोजी पश्चिम व्हर्जिनियातील मोनोंगा येथे खाणीत स्फोट होऊन साडेतीनशेहून अधिक कामगार प्राणांस मुकले. शेकडो मुले पोरकी झाली. ग्रेस गोल्डन क्लेटन या महिलेच्या आग्रहावरून ५ जुलै १९०८ रोजी शेजारच्या फेअरमाँट गावातील चर्चमध्ये पित्यांच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली. तिची परंपरा मात्र पडली नाही.

परंपरा पडली ती दूर वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहरात. पत्नीच्या निधनानंतर विल्यम स्मार्ट या यादवी युद्धातील सैनिकाने आपली मुले एकट्याने वाढविली. त्यांची कन्या सोनोरा डॉड हिने १९०९ मध्ये मातृदिनाचे प्रवचन ऐकले आणि पित्याचाही असा दिवस का नसावा, असा प्रश्न केला. १९ जून १९१० रोजी तेथे पहिला पितृदिन साजरा झाला. मातृदिनाला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची मान्यता १९१४ मध्येच मिळाली; पित्याच्या दिवसाला कायद्याचे कायम स्थान देण्यासाठी मात्र निक्सन यांच्या कारकिर्दीतील १९७२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात हा दिवस जिवंत ठेवण्यात मोठा वाटा होता तो न्यूयॉर्कच्या कापडविक्रेत्यांचा! १९३८ मध्ये त्यांनी त्यासाठी खास मंडळच स्थापन केले.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्या १९१० साली स्पोकेनमध्ये पित्यांचा गौरव झाला, त्याच साली खाणींतील अपघातांच्या मालिकेमुळे अमेरिकेच्या संघराज्य सरकारने खाण विभाग स्थापन केला. पण त्याच्या निरीक्षकांना खाणीत शिरून तपासणी करण्याचा अधिकार मिळाला तो १९४१ मध्ये. नेकटाय विकणारे मंडळ आधी उभे राहिले; खाणीचे दार निरीक्षकाला उघडले ते नंतर.

हा दोष केवळ परक्यांचा मानून आपण मोकळे होऊ नये. सुरक्षासाधनांशिवाय गटारात माणूस उतरविण्यास आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तरीही गटारात गुदमरून सफाई कामगार मरतात. तेही कोणाचे तरी वडीलच असतात. वडिलांना भेटवस्तू अवश्य द्यावी; त्यात गैर काहीच नाही. परंतु मोनोंगाच्या पोरक्या मुलांना भेटवस्तू देण्याजोगे वडीलच उरले नव्हते. सकाळी कामावर गेलेला बाप संध्याकाळी धडधाकट घरी परतेल, याची हमी देणे हाच समाजाने पित्याचा केलेला खरा सन्मान होय. तो एका रविवारात आटोपणारा नाही.