टेन्शन आलं म्हणजे काय झालं?

माय-बहिणींनो, आपल्या रिसोड-मानोऱ्याकडे 'नैराश्य' हा शब्द कोणी बोलत नाही. बाई सांगते, अंग जड पडते, हातापायात जीव नाही, डोके भणभणते, रात्र रात्र डोळा लागत नाही. पुरुष एवढेच म्हणतो, "टेन्शन आहे." मग दवाखान्यात जायचे, सलाईन लावून घ्यायची, ताकदीची सुई टोचून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! दुखणे मनाचे, बोलते मात्र अंग. हे सोंग नव्हे, आणि कोणी केलेली करणी तर नव्हेच. गोव्यात, चीनमध्येही डॉक्टरांना असेच रोगी भेटले आहेत.

हे टेन्शन येते कुठून? आपला जिल्हा सोयाबीनचा. त्याचा भाव आता एकट्या बाजार समितीत ठरत नाही. परदेशातून तेल किती आले, शिकागोच्या बाजारात काय झाले, यावर तो हलतो. २०२१ च्या पावसाळ्यात क्विंटल दहा हजारांच्या आसपास गेला होता. त्याच ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला मुभा दिली आणि नवा माल निघेपर्यंत भाव घसरला. २०२४ मध्ये तर ४८९२ रुपये हमीभाव असताना त्याहून कमीत माल विकावा लागला. मालकाचा भाव पडला की निंदणाऱ्या बाईची रोजी पडते. शेतकऱ्याने जीव दिला तर सरकारदरबारी नोंद होते, १ लाखाची मदत ठरलेली आहे, तीही सातबारा आणि कर्जाचे कागद असतील तर. ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नाही, त्या मजुराचे दुःख कोणत्या यादीत लिहायचे?

२०१५ मध्ये शासनाने १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला, त्यात वाशिमही आहे. आम्हाला मात्र जास्त भरवसा वाटतो तो शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 'विश्राम' कार्यक्रमाचा. ३० गावांत साध्याच माणसांना शिकवून लोकांशी बोलायला पाठवले. आधी नैराश्याच्या १०० माणसांत जेमतेम ४ जण मदत घेत. दीड वर्षात ते २७ झाले. मोठी डिग्री नव्हती. भाषा आपली होती आणि बसून ऐकायला वेळ होता.

दोन आठवडे ज्याला झोप नाही, कशात मन नाही, जगणेच नको वाटते, त्याला "मन घट्ट कर" म्हणून सोडू नका, एकटे ठेवू नका. टेलिमानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. तिथे "अंग दुखते" एवढेच सांगून सुरुवात केली तरी चालते.