पिवळें पडलेलें विमान

मनुष्याच्या हातून घडलेल्या कोणत्याहि वस्तूस काळाचा स्पर्श झाल्यावांचून राहत नाहीं. लोखंडास गंज चढतो, तांब्यास कळंक लागतो, ग्रंथांचीं पानें पिवळीं पडतात. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं असणाऱ्या थर्माकोलच्या व फोमच्या मॉडेल विमानांचीहि हीच गत होते. विकत आणलें तेव्हां बगळ्यासारखें शुभ्र असलेलें विमान कांहीं वर्षांत हळदीच्या रंगाचें दिसूं लागतें, आणि मग घरांत प्रश्न उभा राहतो: तें टाकून द्यावें, कीं एखादें औषध लावून पुन्हां पांढरें करावें? आमच्या मतें ह्या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत; आणि प्रश्न दिसावयास लहान असला, तरी त्यांत शिक्षणाचें एक तत्त्व दडलेलें असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हा पिवळेपणा येतो कोठून तें पाहूं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नांवाच्या पदार्थाचे फुगविलेले मणी एकमेकांस सांधून केलेला ठोकळा. त्याच्या आकारमानांत शेकडा ९५ हून अधिक भाग केवळ हवेचा असतो. म्हणूनच तो इतका हलका. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण आणि हवेंतील प्राणवायु ह्यांच्या संयुक्त क्रियेनें त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, व त्यांतून पिवळसर रंगाचीं नवीं संयुगें तयार होतात. हा बिघाड बहुतेक वरच्या पातळ थरापुरताच असतो. तो थर ठिसूळ होऊन बोटास भुकटी लागते. आंतील भाग मात्र पांढराच राहतो.

आतां आमच्या ठाणें, कल्याण, डोंबिवली ह्या शहरांतील स्थिति ध्यानांत घ्यावी. मोकळीं मैदानें दुर्मिळ. त्यामुळें विमान एखाद्या रविवारीं उडतें आणि उरलेलें वर्ष गॅलरींत किंवा पश्चिमेच्या खिडकींत दोरीस टांगलेलें राहतें. उडणाऱ्या विमानास पोंचे येतात, ओरखडे पडतात, त्याचें नाक चेपतें; परंतु महिनोन् महिने उन्हांत लोंबत राहणारें विमान पिवळें पडतें. सारांश, हा पिवळेपणा उड्डाणाचा नसून स्वस्थ बसण्याचा डाग आहे. मग नुसता डाग घालवून काय साधणार?

कित्येक मुलें हायड्रोजन पेरॉक्साइड लावून विमान पुन्हां उन्हांत ठेवतात. त्यानें कधीं कधीं रंग उजळतो हें खरें. परंतु तुटलेल्या साखळ्या त्यानें सांधल्या जात नाहींत. ठिसूळ झालेला थर ठिसूळच राहतो, आणि कालांतरानें पिवळेपणा पुन्हां डोकें वर काढतो. शिवाय तीव्र पेरॉक्साइडनें कातडी भाजते व डोळ्यांस गंभीर इजा होते. पडक्या भिंतीस चुना फांसून घर नवें झालें असें समजण्यापैकींच हा प्रकार होय.

खरी दुरुस्ती निराळी आहे. आधीं सौम्य साबणाच्या पाण्यानें व मऊ फडक्यानें विमान पुसून घ्यावें. मग बारीक पॉलिश कागद ओला करून हलक्या हातानें वरचा भुकटीचा थर काढावा. कागद ओला असला म्हणजे धूळ उडून नाकांत जात नाहीं. खांचा हलक्या लांबीनें भराव्या. तुटलेला भाग पांढऱ्या पाणीदार गोंदानें चिकटवावा. थिनर, पेट्रोल किंवा साधा झटपट चिकटणारा गोंद ह्यांनीं थर्माकोल विरघळतो, हें कदापि विसरूं नये. शेवटीं पाण्यांत मिसळणाऱ्या रंगाचा एकच पातळ हात द्यावा. पंखांची वरची व खालची बाजू भिन्न गडद रंगांनीं रंगविल्यास ढगाळ आकाशांतहि विमान सरळ आहे कीं उलटें, हें चटकन कळतें. आणि रंगाचें आवरण पुढील उन्हापासून फोमचें रक्षण करतें. रंगानें वजन वाढतें, म्हणून पंखांखालीं दोन्ही बाजूंस एकेक बोट धरून विमानाचा गुरुत्वमध्य पूर्वीच्याच जागीं आहे ना, हें तपासल्यावांचून तें उडवूं नये. त्यानंतर मात्र त्यास खिडकींत न टांगतां अंधाऱ्या कपाटांत ठेवावें.

येथें एका घराण्याचें उदाहरण बोधप्रद होईल. १८७८ सालीं अमेरिकेंतील बिशप मिल्टन राइट ह्यांनीं आपल्या दोन मुलांस बांबू, बूच व कागद ह्यांचें, रबराच्या पिळानें उडणारें एक खेळणें आणून दिलें. तें लवकरच मोडलें. परंतु विल्बर व ऑर्व्हिल ह्यांनीं रडत न बसतां तसलींच खेळणीं स्वतःच्या हातांनीं केलीं. पुढें १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें विमान उडालें. पहिलें उड्डाण १२ सेकंदांचें, आणि त्या दिवसाचें चौथें ५९ सेकंदांचें! त्यानंतर वाऱ्यानें तें उलथलें; १९१३ च्या महापुरांत त्याचे ठेवलेले भाग चिखलांत बुडाले. ऑर्व्हिलनें १९१६ सालीं तें दुरुस्त केलें, १९२७ सालीं त्यावर नवें कापड चढविलें. १९८५ सालीं तें कापड पुन्हां बदलण्यांत आलें. कापडावांचून पंख हा पंखच नव्हे, म्हणून कापड बदललें. सांगाडा मात्र शक्य तेवढा जुनाच राखला. काय बदलावें आणि काय राखावें, हा विवेक म्हणजेच दुरुस्तीची विद्या.

कोणी पालक म्हणतील, "नवें विमान थोड्या पैशांत मिळतें; मुलाच्या अभ्यासाचा वेळ ह्यांत कां दवडावा?" त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान व हस्तकौशल्य ह्यांचा असा एकत्र पाठ क्रमिक पुस्तकांत क्वचितच सांपडेल. शिवाय टाकलेला थर्माकोल कुजत नाहीं. त्याचे मणी सुटे होऊन नाल्यांवाटे उल्हास नदींत आणि ठाण्याच्या खाडींत जातात. ज्या खाडीस २०२२ सालीं रामसर पाणथळ क्षेत्राचा मान मिळाला व जेथें रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तीच ही खाडी. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हां आपल्या घरोघरच्या गणपतीच्या मखरांचें रूप पालटलें. समाज सवय बदलूं शकतो, ह्याचा हा पुरावाच नव्हे काय?

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, आपलें पिवळें विमान माळ्यावरून खालीं काढा. त्यास लपवूं नका, टाकूंहि नका. पालकांनींहि वर्षांतून चार रविवार मुलांबरोबर परवानगीच्या मोकळ्या जागीं जाण्याची कृपा करावी. पंखावर थोडी पिवळी छटा उरली तरी उरूं द्यावी. विमान उडालें म्हणजे तिच्याकडे कोणाचें लक्षहि जाणार नाहीं.