यंत्रांच्या झुंजी आणि मुलांचे डोळे

महाविद्यालयीन उत्सवांत रोबोंच्या झुंजी लावण्याची टूम आतां चांगलीच रुजली आहे. गेल्या हिवाळ्यांत अशाच एका झुंजीस आम्ही परीक्षक म्हणून गेलों होतों. आखाड्याभोंवतीं पारदर्शक पत्रा होता खरा, पण कमरेइतकाच उंच. आंत यंत्राचें पातें गरगरत असतां दहाबारा मुलें त्यावर कोंपरें टेकून ओणवीं झालेलीं! आम्हीं हरकत घेतली, तेव्हां चिटणीस हंसून म्हणाले, "सर, आजवर कांहीं झालेलें नाहीं."

ह्या युक्तिवादास गणितानेंच उत्तर देतां येतें. 3 किलो वजनाचें, 60 सेंटिमीटर लांबीचें पोलादी पातें मध्यावर बसवून मिनिटास 3,000 फेरे फिरविलें, तर त्याचें टोंक ताशीं सुमारें 340 किलोमीटर वेगानें धांवतें. त्यांत सांठलेली ऊर्जा 45 किलोंची वस्तु 10 मीटर उंचीवरून कोसळावी तितकी असते. फेरे दुप्पट केले कीं ती चौपट होते. हें सूत्र तीं मुलें परीक्षेंत बिनचूक लिहितात, आणि आखाड्याशीं येतांच विसरतात!

बॅटरीचा धोका तर डोळ्यांस दिसतही नाहीं. लिथियम-पॉलिमर घट 4.2 व्होल्टांपलीकडे भरला, किंवा झुंजींत ठेंचला, तर आंतील ज्वालाग्राही द्रव पेट घेऊं शकतो. कधीं कधीं तर झुंज संपून बराच वेळ गेल्यावर. आम्हीं पाहिलें तेथें फुगलेले घट लांकडी बांकावर वायरींच्या गुंत्यांत भरीत ठेवले होते. जवळ वाळूची बादलीसुद्धां नव्हती. विजयचिन्हें मात्र पुरुषभर उंचीचीं होतीं.

नियमांनीं कल्पकता मरते, हा दुसरा आक्षेप. अमेरिकेंत डीन केमेन यांनीं 1989 सालीं स्थापिलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेच्या मोठ्या मुलांच्या स्पर्धेंत यंत्रें दुरुस्त करण्याच्या जागीं पाऊल टाकणारास, मग तो पाहुणा कां असेना, संरक्षक चष्मा लावावाच लागतो. त्यामुळें तेथील मुलांची बुद्धि आटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आमच्याकडे चष्मा लावणारा भित्रा ठरतो. आणि ही थट्टा करणारांत प्राध्यापकही असतात, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. दोष मुलांचा नव्हे. आखाड्याबाहेर पातें खुंटी घालून जखडावें, हें त्यांस कोणी शिकविलेंच नाहीं.

पुढील झुंजीचें निमंत्रण आलें आहे. भिंत डोक्याहून उंच असून वर छत आहे, असें लेखी कळविल्यावांचून आम्ही जाणार नाहीं.