हक्कांचा ताळेबंद

नव्या वर्षारंभी सरकारी पत्रके कामगिरीची गोळाबेरीज मांडतात. श्रमिकांच्या बाजूने ताळेबंद मांडला, तर २०२५ च्या अखेरच्या दोन महिन्यांतच हक्कांच्या खात्यातून मोठी रक्कम वजा झाल्याचे दिसते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. घरपोच माल पोचविणाऱ्या तरुणांसारख्या कामगारांची केंद्रीय कायद्याने दखल घेतली, मुदतीच्या नोकरीतही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी लागू झाली. या तरतुदी स्वागतार्हच आहेत. परंतु कामगारकपातीपूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होते. ती मर्यादा ३०० वर गेली. उलट, संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांत सक्तीची झाली. मालकाची वाट मोकळी झाली आणि कामगाराच्या वाटेवर फाटक बसले.

दुसरा आघात ग्रामीण मजुरावर झाला. २००५ च्या रोजगार हमी कायद्याची जागा घेणारे विधेयक संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केले. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, याचा गाजावाजा झाला. पण हमीचे मोल दिवसांच्या आकड्यावर ठरत नाही. पैसा कोण देणार, यावर ठरते. जुन्या कायद्यात अकुशल कामाची मजुरी पूर्णतः केंद्राकडे होती. नव्या रचनेत बहुतेक राज्यांवर ४० टक्के भार पडतो. शिवाय राज्याचा वाटा आधीच ठरणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्यानेच सोसायचा. मागणीप्रमाणे पैसा, हे हमीचे तत्त्व; आता पैशाप्रमाणे मागणी आखडली जाईल. ज्या राज्याची तिजोरी रिती, तेथे मजुराचा अर्जच नोंदविला न जाण्याचा धोका आहे. पेरणी-कापणीच्या काळात ६० दिवस कामे थांबविण्याची तरतूदही आहे. ऐन हंगामात मजुरीची घासाघीस करण्याचे मजुराचे बळ त्यामुळे हिरावले जाते.

महाराष्ट्राला हे विशेष बोचले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली योजना येथे १९७७ साली कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. तिच्यासाठी शहरातील पगारदारांनी व्यवसायकर भरला. गावाच्या श्रमाचे देणे शहराने मान्य केले, ही त्या कायद्याची नैतिक बैठक होती. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील शेते खरवडली, तेव्हा पिकांचे पंचनामे झाले; भूमिहीनाचा बुडालेला रोज मात्र पंचनाम्यात येत नाही. त्याच्यासाठी हमी हाच एक आधार असतो.

याच वर्षाने समाजवादी चळवळीचे दोन आधारवड नेले. २ ऑक्टोबरला डॉ. जी. जी. पारीख आणि ८ डिसेंबरला डॉ. बाबा आढाव गेले. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला बाबांनी संघटनेचा कणा दिला. कायदा संघटनेच्या पाठोपाठ येतो, हा त्यांच्या आयुष्याचा धडा आहे.

म्हणून नव्या वर्षाचे काम शोकसभांपाशी संपू नये. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी मजुरांसोबत ग्रामपंचायतीत जाऊन कामाची मागणी लेखी द्यावी आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नये. मागणीची नोंद नसेल, तर हमी मोडल्याचा पुरावाही उरत नाही. कारखान्यांच्या दारी नव्या संहितांचे वाचन व्हावे. कोणते कलम काय देते आणि काय काढून घेते, हे प्रत्येक कामगाराला ठाऊक असावे. पुढील वर्षाचा ताळेबंद सरकारी पत्रकांवरून नव्हे, या पोचपावत्यांवरून मांडता आला पाहिजे.