माजघरात शिरलेली पावले

लायब्ररी म्हटले की आपल्याला आठवड्याला कादंबरी बदलून आणायची जागा आठवते. संगणकवाल्यांची लायब्ररी निराळी. दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या आयत्या आज्ञावलींचा तो संच. पायथॉन भाषेतली 'नमपाय' ही अशीच एक. फुकट, आणि आतला मजकूर सर्वांना उघडा. आकड्यांच्या प्रचंड कोष्टकांचे हिशेब ती करते. २०१९ साली कृष्णविवराचे पहिले चित्र प्रसिद्ध झाले, त्यामागच्या आकडेमोडीतही ती होती.

आता सगळेच उघडे म्हटल्यावर पाहुण्याने थांबावे कुठे? पायथॉनमध्ये खाजगी नावाच्या आधी एक आडवी रेघ ओढण्याचा रिवाज आहे. ती कडी नव्हे, नुसता पडदा! नमपायच्या 'कोअर' या कप्प्याला मात्र तो पडदाही नव्हता. कप्पा होता कर्त्यांच्या घरच्या वापराचा, पण लोक ओसरी सोडून खुशाल माजघरात वावरू लागले. मग आतली एखादी फळी हलवावी, तर कुठल्या तरी परक्या प्रयोगशाळेतला कार्यक्रम मोडून पडायचा.

२००६ साली १.० आवृत्ती निघाली होती. जून २०२४ मध्ये २.० काढताना कर्त्यांनी 'कोअर'च्या नावाला ती रेघ जोडली. पडदा पहिल्याच दिवशी लावायला हवा होता, असे आपले माझे मत. पण दार त्यांनी धाडकन लावले नाही, हे खरे कौतुकाचे. जुन्या नावाने हाक मारली तरी ओ मिळते, सोबत एक इशारा येतो. आणि त्या इशाऱ्यात एक गंमत आहे. बहुतेक लोक माजघरात येत ते ओसरीवरच मिळणाऱ्या जिनसांसाठी, असे कर्ते तिथे सांगतात!

खरी अडचण जुन्या फायलींची. पायथॉनच्या एका पद्धतीने आकडे साठवले, की फायलीत त्या आतल्या कप्प्याचा पत्ताही लिहिला जातो. एखाद्या संशोधक बाईंनी दहा वर्षांपूर्वीची निरीक्षणे अशी जपली असतील, तर पत्ता बदलताच ती उघडायची कशी? माणसाला इशारा देता येतो. फाइल काय सुधारणार! म्हणून त्या फायलींना लागणारी दोन नावे कर्त्यांनी जुन्या पत्त्यावरच ठेवली आहेत, आणि तिथे इशारासुद्धा येत नाही.