दही लागले नाही, दोष कुणाचा?

दही लागले नाही की घरात पहिला प्रश्न येतो, "विरजण कुणी लावलं?" आणि सुनेची पाळी चालू असली, तर पुढे चौकशीची गरजच उरत नाही. रे रोडच्या आमच्या वस्तीत हे बोलणे आम्ही अजून ऐकतो. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्याच घरात हा शब्द चुलीपाशी ठाण मांडून बसावा, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

म्हणून आज चीजच्या कारखान्याची गोष्ट. पुणे जिल्ह्यात मंचरला असा मोठा कारखाना आहे. चीजची सुरुवात दह्यासारखीच होते. दुधात विरजण घालायचे, त्यातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि दूध आंबवतात. पण जगभरच्या कारखान्यांत कधी कधी अख्ख्या टाकीतले दूध आंबतच नसे. १९३५ साली न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स या संशोधकांनी चोर पकडला. विरजणातल्या जिवाणूंनाच विषाणूची लागण होत होती! हा विषाणू माणसाला काही करत नाही. तो जिवाणूत शिरतो, आत आपल्यासारखे डझनावारी तयार करतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो. मग ते सगळे पुढच्या जिवाणूंना गाठतात. दूध पाश्चराइज केले तरी त्यातले काही टिकून राहतात. चीज काढल्यावर उरलेल्या पाण्यात तर त्यांचा सुकाळच. म्हणून ते पाणी विरजणाच्या जवळ येऊ देत नाहीत आणि विरजणही आलटून पालटून वापरतात.

जिवाणूही गप्प बसत नाहीत. जे वाचतात त्यांतले काही विषाणूच्या डीएनएचा तुकडा स्वतःत जपून ठेवतात आणि तोच पुन्हा आला की ओळखून कापून टाकतात. दह्या-चीजच्या एका जिवाणूवरच हे २००७ साली सिद्ध झाले. अशाच कात्रीपासून निघालेल्या तंत्राला २०२० चे नोबेल मिळाले, तेही दोन बायकांना!

घरच्या दह्याची कारणे बहुतेकदा साधी असतात. थंडी पडलेली असते, दूध फार गरम असताना विरजण लावलेले असते, विरजण शिळे असते, नाहीतर म्हशीला कासेच्या रोगावर दिलेले औषध दुधात उतरलेले असते. दोन-तीनदा दही बिघडले तर पातेले उकळत्या पाण्याने खळबळून घ्यावे, शेजारणीकडून चमचाभर ताजे विरजण आणावे आणि कोमट दुधाला लावावे. पाळी आलेल्या सुनेने लावले तरी ते लागते.